मुतखड्यावर संशोधन करायचंय, पण ‘नीट’मध्ये गुण कमी पडले

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, यंदा पीयूसी द्वितीय वर्ष (बारावी) सायन्स पास. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले. पप्पांना दोनदा मुतखडा झाला. किडनीच्या पेशींचं चयापचय बिघडल्यानेही खडा होतो, असं वाचलं. यावर काम करायला डॉक्टरच व्हावं लागतं का?

उत्तर : नाही. तुझा प्रश्न मुळात जीवरसायनशास्त्राचा, म्हणजे पेशींतल्या रासायनिक क्रियांचा आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. स्फटिक पुष्कळांच्या लघवीत तयार होतात आणि वाहूनही जातात. अडकतात ते दुखावलेल्या पेशींवर. ऑक्झलेट वाढलं की किडनीतल्या सूक्ष्म नलिकेच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) बिघडतात, एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू घटतो. एरवी पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य मग बाहेर येतं आणि स्फटिक त्याला चिकटतात. सायट्रेटचाही यात मोठा वाटा आहे. ते लघवीतल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं. पण रक्तातली आम्लता वाढली की नलिकेच्या पेशी ते जास्त शोषून जाळून टाकतात आणि लघवीत ते कमी उरतं. काही रुग्णांना पोटॅशियम सायट्रेट देतात ते यासाठीच.

प्रयोगशाळेत हे एचके-२ नावाच्या मानवी किडनी-पेशींवर तपासतात : ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. इथे नवखे दोन ठिकाणी हमखास फसतात. पेशी वाढवण्याच्या माध्यमात (पोषक द्रवात) कॅल्शियम असतंच, त्यामुळे ऑक्झलेट घातल्याबरोबर स्फटिक पडतात. मग पेशी विरघळलेल्या ऑक्झलेटने मेल्या की स्फटिकांनी, हे कळत नाही. दोन्हींचे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, वेगळे लावावे लागतात. दुसरं, लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोजच्या माध्यमात पेशी ग्लायकोलिसिसवरच (मायटोकॉन्ड्रियाशिवाय ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्यावर) भागवतात आणि मायटोकॉन्ड्रियाचं नुकसान झाकलं जातं. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही दुसरी साखर दिली की पेशींना मायटोकॉन्ड्रियावर विसंबावं लागतं आणि ते नुकसान उघडं पडतं.

आता मार्ग. बीएस्सीला जीवरसायनशास्त्र मिळालं तर उत्तमच, नाहीतर रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र घे. रसायनशास्त्र मात्र सोडू नकोस. एमएस्सी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात करता येईल. तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर तसा दाखला आत्ताच काढून ठेव आणि कोल्हापूरच्या प्रवेशावेळी त्याची सवलत विचार. आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडीचा भार पप्पांवर पडत नाही. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिथे चौकशी कर.

सुट्टीत मोलॅरिटीची (द्रावणाच्या तीव्रतेची) गणितं पक्की कर. सोडियम ऑक्झलेटचा रेणुभार १३४ : १० मिली पाण्यात ६७ मिलिग्रॅम म्हणजे ५० मिलिमोलर द्रावण. त्यातलं किती घेऊन माध्यमासह एकूण १ मिली केलं, तर १ मिलिमोलर होईल? उत्तर २० मायक्रोलिटर यायला हवं.