गावी जाऊन निवांत राहावं म्हणतोय, जमेल का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो, मी आयटीत, बायको खासगी शाळेत शिकवते, मुलगी तिसरीत आहे. गाव राजापूर तालुक्यात, आई-बाबा तिकडेच असतात, कौलारू घर आहे, थोडी हापूसची कलमं, थोडी भातशेती. दर मे महिन्यात आणि गणपतीत जातो आणि परत निघताना अक्षरशः पाय उचलत नाही. इकडे आल्यावर रात्री गावाकडच्या रील्स बघत बसतो, चूल, पेज, ओटीवर गप्पा मारणारी माणसं. इथे मी घरी पोचेपर्यंत मुलगी पेंगायला लागलेली असते, याला काय संसार म्हणायचं? ऑफिस पूर्ण वर्क फ्रॉम होम द्यायला तयार आहे. कायमचं जावं का, की हे आपलं चार दिवसांचं कौतुक?

उत्तर : दादा, कौतुक आहे पण खोटं नाहीये, त्यामुळे ते सोडून द्या असं मी म्हणणार नाही. फक्त एवढ्या लांबलचक पत्रात बायको काय म्हणते याची एक ओळसुद्धा नाही हे बघून जरा थांबले. रीलमधली ती पेज कुणीतरी पहाटे उठून चूल फुंकून शिजवत असतं ना. तुमच्याकडे आज ते आई करतात, उद्या सूनबाईंवर येणार, आणि सूनबाई आज स्वतःचा पगार घरी आणतायत. तुम्ही ओटीवर लॅपटॉप घेऊन बसणार, मधेच वहिनी चहा आणून देणार, हा निवांतपणा तुमच्या एकट्याचा झाला. तर पहिली चर्चा घरात, माझ्याशी नंतर.

आता गाव निवांत असतं का? नसतं हो. पुढच्या मे महिन्यात आई दिवसभर काय करतात ते एकदा नीट बघा. आगोटीची धांदल असते, पावसाच्या आधी लाकडं सुकी करून आत रचायची, मिरच्या, कुळीथ, सुकी मासळी भरून ठेवायची, वानरांनी नाचून फोडलेली कौलं बदलून घ्यायची, आणि त्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेले. रातांबे फोडायला सगळं घर खळ्यात बसतं, बिया आणि गर एकीकडे, सालं एकीकडे, मग ती सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून परत रसात, दुसऱ्या दिवशी परत उन्हात, असं पुटावर पूट चढवत चार-पाच दिवस गेले की सोलं, म्हणजे आमसुलं, काळपट व्हायला लागतात. त्यात एखादी वळवाची सर आली की जी पळापळ होते ती विचारू नका. पण फोडताना हात गुंतलेले असतात, बोटं लालभडक, मोबाईलला हात लावता येत नाही, मग आत्याच्या लग्नातल्या भांडणापासून पुढच्या वर्षीच्या गाईपर्यंत सगळं बोलून होतं, आणि तिसरीतली पोरगीही त्यात बिया वेचत बसलेली असते. माझ्या मते तुम्हाला ओढ आहे ती याची. संथपणा वगैरे नाही, सगळं घर एका कामाभोवती बसतं त्याची. डोंबिवलीत तिघांची तीन कामं तीन ठिकाणी, एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत.

आणि जुन्या कोकणात सगळं कुटुंब कायम एकत्र सुखाने नांदत होतं असंही डोक्यात ठेवू नका. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात, एका खोलीत गाळ्यावर राहून खानावळीत जेवायचे, आणि गावी बाई म्हातारी माणसं, गुरं आणि शेती सांभाळत मनीऑर्डरची वाट बघायची. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, प्रवास सोपा झाला, पण चाकरमानी तो चाकरमानीच राहिला. म्हणजे बाप रोज संध्याकाळी घरात दिसणं ही तिकडे नवीनच गोष्ट होईल बघा, तुम्ही कराल तर.

पैशाचं सांगते. कलमांच्या भरवशावर नोकरी अजिबात सोडू नका. 2018 पासून हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, नाव मोठं आहे, पण मोहोर आल्यावर अवकाळी पाऊस पडला की तो काळा पडतो, तुडतुडे आहेत, फवारणीचा खर्च आहे, पेटी वाशीच्या बाजारात गेल्यावर भाव तिथे ठरणार, आणि पैसा वर्षातून एकदा. पगार चालू राहतोय तर घर चालेल, पण मग नेट लागणार, आणि नेटची परीक्षा पावसात.

म्हणून माझं म्हणणं, मे आणि गणपती सोडून जुलैत जा. तिघंही जा, जमेल तेवढी सुट्टी आणि वर्क फ्रॉम होम जोडून. तिकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. लाईट गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही, कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवायचे आणि ऑनलाईन मीटिंगला धुराचा वास येणाऱ्या शर्टात बसायचं, रात्री पायाखाली बॅटरी मारल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही कारण फुरसं असतं, विषारी साप तो. लावणीला चिखलात उतरा. जवळचा दवाखाना किती लांब, रात्री गाडी कोण काढतं, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरीच्या वर्गात मुलं किती, हे सगळं तेव्हाच कळेल. वहिनींना तिकडे कुठे शिकवता येईल का तेही तेव्हाच चौकशी करून या. एवढं होऊनही तिघांना परत यावंसं वाटलं नाही तर खुशाल जा, फक्त डोंबिवलीचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. आणि घर दुरुस्तीला पैसे घालायच्या आधी सातबारा काढून बघा, घराची नोंद ग्रामपंचायतीत कुणाच्या नावावर आहे तेही बघा. चुलत्यांची नावं असतील तर आधी त्यांच्याशी बोला, कौलं नंतर.

प्रश्न : आम्हाला गावच नाही, तीन पिढ्या पुण्यात. मुलांना मातीत वाढवायचं म्हणून थोडी शेतजमीन घ्यावी का?

उत्तर : महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तो नसेल तर एजंट काहीही सांगो, पैसे देऊ नका. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट घेता येतो पण कुंपणातल्या बंगल्यात शनिवार-रविवार राहून मुलं मातीत वाढत नाहीत, फार तर स्विमिंग पूलमध्ये वाढतात. त्यापेक्षा ओळखीतून एखाद्या गावात खोली भाड्याने घ्या, भोर-वेल्ह्याकडे बघा, तिकडे भाताची लावणी असते, मालकांना विचारून मुलांना लावणीला आणि कापणीला न्या. पहिल्या दिवशी रोपं वाकडी लावतील, मालकीणबाई ओरडतील, ओरडू दे.