जुन्या कान्टिनाचा अभ्यास: सुरुवात कोठून करावी

आपण मेक्सिकोतील जुन्या कान्टिनांच्या, म्हणजे पारंपरिक मद्यालयांच्या, इतिहासाकडे वळत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीलाच दहा ठिकाणांची यादी करू नका. मेक्सिको शहरातील सिंको दे मायो रस्त्यावरची 'ला ओपेरा' ही एकच हाती घ्या. तिच्या छतात एक भोक आहे आणि ते मेक्सिकन क्रांतीतील सेनानी पांचो व्हियाने झाडलेल्या गोळीचे असल्याचे सांगितले जाते. डिसेंबर १९१४ मध्ये व्हिया आणि दुसरा क्रांतिनेता सापाता यांच्या फौजा शहरात होत्या हा इतिहास, तर गोळीची गोष्ट ही आख्यायिका. नवखे अभ्यासक एक तर या दोहोंची सरमिसळ करतात, नाही तर पुरावा नाही म्हणून आख्यायिका टाकूनच देतात, आणि ही दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. आख्यायिका अवश्य टिपा, मात्र वेगळ्या वहीत.

आणखी दोन गोष्टी सांभाळा:

- १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत स्त्रियांना कान्टिनात प्रवेश नव्हता. त्यामुळे जुन्या आठवणी बहुतांशी पुरुषांच्याच आहेत, हे ध्यानात ठेवून त्या वाचा.
- मार्गारिटा या टकीलाच्या कॉकटेलचा जन्म आपल्याकडेच झाला, असे एन्सेनाडा शहरातील 'हुसाँग्स' या कान्टिनासह अनेक ठिकाणे सांगतात; त्याचा निवाडा करत बसू नका.

कान्टिनांच्या परवान्यांचे दप्तर तूर्त राहू द्या. पेयासोबत बोताना, म्हणजे तोंडी लावायचे पदार्थ, घेऊन येणाऱ्या जुन्या वाढप्यांशी मात्र आधी बोला, कारण दप्तर थांबेल, माणसे आणि ठिकाणे थांबणार नाहीत: मेक्सिको शहरातील कान्टिनाचा पहिला परवाना मिरवणारी 'एल निव्हेल' २००८ मध्ये बंदही झाली.