फिजिओथेरपीनं पायातली कळ कमी झाली, पण कंबर जास्तच दुखतेय. बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली आहे, पंधरा दिवस व्यायाम केल्यावर कळ पोटरीपर्यंत न जाता मांडीतच थांबते, पण कंबर आधीपेक्षा जास्त ठणकते. कृपा करून एवढ्यात बंद करू नका. मी नेमकी इथेच सोडून दिली होती आणि पुढचे दोन महिने फार हाल झाले.

माझं निमित्त गॅसची टाकी. भरलेली टाकी जवळजवळ ३० किलोची, ती मी वाकून, वर कंबरेतून वळून ओढली. आधी वाटलं उसण भरली. तिसऱ्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. पहिल्या ठिकाणी रोज मशीनचा शेक आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून धरणं. जिना उतरेपर्यंत बरं वाटायचं, तेवढंच.

नंतर ज्या मॅडमकडे गेले त्यांनी मशीन लावलंच नाही. पालथं झोपवलं, मग कोपरांवर टेकवलं, मग तळहातांवर भार देऊन छाती वर उचलायला लावली. भुजंगासनासारखंच, फक्त कंबर आणि कुल्ले अगदी ढिले सोडायचे. दहा वेळा. दर वेळी त्या विचारायच्या, "आता कुठे दुखतंय?" किती दुखतंय हे नंतर. अंगठ्यातली कळ हळूहळू पोटरीत आली, मग मांडीत, शेवटी कंबरेत येऊन बसली आणि तिथे चांगलीच ठणकली. मी घाबरले, त्या मात्र खूश झाल्या. पायातलं दुखणं मणक्याकडे परत यायला लागलं की सहसा सुधारणाच असते. उलट कंबर हलकी वाटली पण पाऊल बधिर होत चाललं, तर तो व्यायाम लगेच थांबवायचा.

हे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या लक्षात आलं ते १९५६ साली. त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, कंबर मागे वाकलेली. मॅकेन्झी येऊन बघतात तर त्याच्या पायातलं दुखणं गेलेलं!

पण सगळ्यांना मागे वाकून बरं वाटत नाही. वयस्कर माणसांत मणक्यातली जागा अरुंद झाली असेल तर उलट पुढे वाकल्यावर आराम पडतो. म्हणून माझा व्यायाम उचलू नका, तुमची दिशा तपासून घ्या.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकू नका. झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. मी अंघोळीची बादली स्टुलावर ठेवायला लागले आणि केर दुपारी काढायला लागले. या दोन गोष्टींचा मला कंबरेच्या पट्ट्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

लघवी अडकली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेतली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम वगैरे सोडून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.

यातलं काही नसेल तर एका वहीत पायाचं साधं चित्र काढा. रोज रात्री कळ जिथपर्यंत गेली तिथे खूण आणि तारीख. पुढच्या वेळी ती वही फिजिओंसमोर ठेवा आणि घरी करता तसाच व्यायाम त्यांना करून दाखवा. मी तीन आठवडे कुल्ले आवळून करत होते, ते त्यांनी पाहिलं तेव्हा कळलं.