छत्तिसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं?

"मॅडम, नोकरी सांभाळून सायबर सिक्युरिटीत मास्टर्स जमेल का?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतोय. विचारणारे बहुतेक तिशी ओलांडलेले असतात. कुणी बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो, कुणी चिकोडीकडच्या साखर कारखान्यात, कुणी खानापुरातल्या पतसंस्थेत. त्यांतल्याच एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते. बँकेत सगळे त्याला 'सर्व्हरवाले' म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

सर्व्हरवाले वडगावचे. वडील मागावर बसायचे, घराशेजारी अजूनही यंत्रमागाची खडखड चालू असते. मराठी शाळा, मग बीसीए, मग एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात ११ वर्षं. पहिल्या दिवशी सल्ल्यासाठी माझ्यासमोर खुर्चीत बसले ते टेकून बसलेच नाहीत. "झोप लागत नाही मॅडम. वय झालं की हो माझं, आणि कळतंय की मला काहीच येत नाही."

झालं होतं असं. ऑडिटला आलेल्या माणसाने विचारलं, "लॉग किती दिवसांचे ठेवता?" लॉग म्हणजे यंत्रणेत कुणी कधी काय केलं याची आपोआप होणारी नोंद. यांनी सांगितलं, ३०. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, त्यानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. यांना हे ठाऊकच नव्हतं. मॅनेजरसमोर मान खाली गेली. त्याच रात्री मोबाईलवर जाहिरात दिसली: नोकरदारांसाठी ऑनलाइन एम.टेक., सायबर सिक्युरिटी, सवलत फक्त आजच्यापुरती. फोन आला आणि २५,००० रुपये भरून मोकळे झाले.

पैसे बायकोच्या भिशीचे होते. तिला सांगितलेलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य निघायला पाऊण तास लागला. तोवर आम्ही वय, इंग्रजी, स्मरणशक्ती, गणित असं सगळं बोलून घेतलं होतं. माझ्या अनुभवात हे नेहमीच होतं. माणूस अभ्यासाची भीती घेऊन येतो, आणि खालून निघते घरात न बोललेली गोष्ट.

आधी त्या एम.टेक.कडे बघू. मी दोनच गोष्टी विचारल्या. बीसीएवर एम.टेक.ला प्रवेश मिळतो का? साधारणपणे नाही, आधी बी.ई. किंवा एमसीएसारखी पदवी लागते. दुसरं, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव पाहिलं का? नव्हतं पाहिलं. २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला परवानगीच नाही. आयआयटीसारख्या संस्थांचं वेगळं आहे, त्या स्वतःच्या कायद्याने पदव्या देतात. आयआयटी कानपूरचा सायबर सिक्युरिटीचा 'ई-मास्टर्स' गेट परीक्षेशिवाय करता येतो, पण त्याची फी लाखांत जाते. एमसीए मात्र मान्यता असेल तर ऑनलाइन चालतं, आता ते दोन वर्षांचं आहे आणि बीसीएवाल्यासाठी सरळ वाट तीच. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने २०२२ मध्येच जाहीर केलंय. तेव्हा 'ऑनलाइन म्हणजे खोटी' ही भीतीही मनातून काढून टाका. खोटी असते ती यादीत नसलेली.

यादी मोबाईलवर उघडून त्यांनी माझ्यासमोरच शोधली. संस्थेचं नाव सापडेना तेव्हा बराच वेळ बोट स्क्रीनवर नुसतंच फिरत राहिलं. ते पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

मग इंग्रजी. "पेपर इंग्रजीत, मॅडम. माझी गाडी तिथेच अडणार." मी म्हटलं, ते राहू दे. बँकेत तुम्ही एखादा घोळ कधी पकडलाय का, तो सांगा. आणि ते खुलले. एका व्यापाऱ्याच्या नावाने मेल आला होता, 'आमचा खाते क्रमांक बदललाय, आरटीजीएस नव्या खात्यावर करा.' शाखेतला क्लार्क करायलाच निघाला होता. यांनी पत्ता मोठा करून पाहिला. 'एम' अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी टाईप केलेले होते, लांबून अगदी 'एम'च दिसावा असे. यांनी व्यापाऱ्याला जुन्या नंबरवर फोन लावला, तो म्हणाला, मी कसलाही मेल पाठवला नाही.

हे सगळं त्यांनी मराठीत सांगितलं, मधेच क्लार्कचं बोलणं कन्नडमध्ये. एक शब्द वावगा नव्हता. मी कागद पुढे केला, आता हेच इंग्रजीत पाच ओळींत लिहा. लिहिलं. व्याकरणाच्या दोन चुका होत्या, मुद्दा एकही चुकला नव्हता. आपल्या भागातला माणूस घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीच्या कागदावर तिसरी भाषा वापरत मोठा होतो. त्याने भाषेपायी मागे राहावं, हे मला पटत नाही. आधी मराठीत समजून घ्यायचं, मग तांत्रिक शब्द आहेत तसे ठेवून इंग्रजीत उतरवायचं, एवढीच सवय लावायची असते.

खरी अडचण वेळेची होती. दूरशिक्षणात एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरतात. चार क्रेडिटांचा एक पेपर म्हणजे १२० तास. सहामाहीला असे पाच पेपर घेतले तर ६०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३. प्रवेश घेणाऱ्यांपैकी हे गणित मांडून पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

त्यांना एक वही दिली. आठवडाभर दर तासाला काय केलं ते लिहा, खोटं लिहू नका, आणि पुढच्या वेळी वहिनींना बरोबर आणा. मधल्या दिवसांत भिशीचं तुम्ही स्वतः सांगा, माझ्या खोलीत पहिल्यांदा कळायला नको.

दोघं आली. सांगून झालं होतं, ते दोघांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. वही मधे ठेवली. मोकळे निघाले ११ तास. त्यांतले चार रविवारचे, आणि रविवारी दुपारी ते आईला दवाखान्यात नेतात. म्हणजे सात. वहिनी शिलाईचं काम करतात. वही दोनदा उलटून पाहून त्या म्हणाल्या, "अहो, भिशीचं झालं ते झालं. पण रात्री दोनला उठून अंधारात बसता ते काय म्हणून? मला वाटलं, आणि काही आहे." मग गळा भरून आला त्यांचा. आम्ही थोडा वेळ थांबलो.

नंतरचा हिशेब वहिनींनीच केला. रात्रीचं जेवण अर्धा तास अलीकडे, सातवीतल्या मुलीचा अभ्यास त्यांच्याकडे, आईचा दवाखाना महिन्यातून दोन रविवार दिरांकडे. माग बंद असतो ती पहाटेची वेळ यांची. सात तासांचे बारा झाले. चोरून काढलेल्या तासात मन लागत नाही, सारखं दाराकडे कान असतो. मागून घेतलेला तास पुरा कामी येतो, म्हणून या वाटाघाटीला मी कुठल्याही वेळापत्रकापेक्षा जास्त वेळ देते.

बारा तासांत एमसीएचा पूर्ण भार झेपणारा नव्हता, हे मी स्पष्ट सांगितलं. म्हणून आधी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन वर्गांचा, १२ आठवड्यांचा एक कोर्स. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर १,००० रुपये, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. इतक्या वर्षांनी परीक्षेच्या बाकावर बसणं कसं वाटतं, ते हजार रुपयांत कळलेलं बरं. सहाव्या आठवड्यात क्रिप्टोग्राफीला, म्हणजे माहिती गुप्त लिपीत बदलण्याच्या भागाला, अडले, दोन दिवस वही उघडली नाही, मला फोन केला. मी म्हटलं, तेवढा भाग सोडून पुढे जा, मागाहून या. गेले. पास झाले. मग इग्नूची माहिती सुरक्षेतली एक वर्षाची पदव्युत्तर पदविका. तीही एका वर्षातच संपवायला हवी असं नाही, मुदत वाढवून मिळते. एमसीए त्यानंतर.

विषय मी त्यांना टेबलावरचेच धरायला सांगितले. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट ठरवून दिली. आपली बँक कुठल्या स्तरात येते आणि त्यातलं काय अजून व्हायचंय, हा त्यांचा पहिला स्वाध्याय झाला. तो त्यांनी मॅनेजरलाही दाखवला. बदल्यात संध्याकाळी सहानंतर बँकेत बसून अभ्यास करायची परवानगी मिळाली. जुलैत वडगावात वीज गेली की हीच परवानगी उपयोगी पडते, बँकेला जनरेटर आहे.

मागच्या महिन्यात दोघं पुन्हा येऊन गेली. लॉग आता १८० दिवसांचे राहतात. वही अजून चालू आहे, फक्त तास आता वहिनी लिहितात. एका पानावर बाराच्या जागी नऊ होते आणि शेजारी त्यांच्या अक्षरात, 'आईला ताप, तीन तास पुढच्या आठवड्यात देणे.'