अंगठा थबकला म्हणजे मन थबकलं का?

(समुपदेशनातला अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कोथरूडला राहणारी, हिंजवडीत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची मुलगी. साखरपुडा पाच आठवड्यांवर. मोबाइलवरच्या एका चाचणीत तिने होणाऱ्या नवऱ्याचा फोटो टाकला. अनोळखी चेहऱ्यांत मिसळून तो समोर आला. खाली दोन बटणं, 'आवडतो' आणि 'नाही'. तिने 'आवडतो' दाबलं, पण त्याला १,४०० मिलिसेकंद, म्हणजे १.४ सेकंद लागले. निकाल आला: 'ओढ कमी'. "ताई, मनातलं खरं हेच असेल तर मी त्याला फसवतेय का?" चार रात्री तिला धड झोप नव्हती.

ठरवून होणाऱ्या लग्नांत ही भीती नेहमी भेटते, म्हणून आधी मोजमापाबद्दल. वेळेवरून ओढ मोजण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांत उशिराचा अर्थ नेमका उलटा होतो. एकीत फोटोंना गुण द्यायला सांगतात आणि माणूस कोणत्या फोटोवर किती रेंगाळला, ते त्याच्या नकळत टिपतात. तिथे उशीर म्हणजे ओढ. दुसरी रीत मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या इम्प्लिसिट असोसिएशन टेस्टची. ती जोडीदारासाठी वापरताना एका फेरीत त्याच्याशी निगडित गोष्टी आणि छान शब्द यांना एकच बटण असतं, दुसऱ्या फेरीत त्याच गोष्टी आणि वाईट शब्द यांना. मनात तो चांगल्याशी जोडलेला असेल तर पहिली फेरी भराभर होते.

म्हणजे एकट्या १,४०० या आकड्याला अर्थच नाही. तिच्याच दोन फेऱ्यांतला फरक काढून तो तिच्याच वेळांच्या चढउताराने भागावा लागतो. पूर्ण चाचणीचे सात टप्पे, जवळपास दोनशे उत्तरं. दहा सेकंदांपेक्षा लांबलेलं उत्तर वगळतात. दहा टक्क्यांहून जास्त उत्तरं ३०० मिलिसेकंदांच्या आत आली तर तो माणूस न बघताच बटणं दाबतोय असं धरून त्याचा अख्खा निकाल बाद. आधी आलेली जोडी हाताला सोपी वाटते, म्हणून निम्म्या लोकांना क्रम उलटा देतात. एवढं करूनही त्याच माणसाचा निकाल काही आठवड्यांनी बराच हलतो.

तिने नवविवाहितांवरचा अभ्यास वाचला होता, त्यामुळे धास्ती वाढलेली. तो अभ्यास खरा आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांच्या गटाने २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला: १३५ जोडपी, जोडीदाराचा फोटो ३०० मिलिसेकंद झळकवायचा, लगेच आलेला शब्द चांगला की वाईट ते सांगायचं; त्याला लागलेल्या वेळेवरून जोडीदाराबद्दलची आतली प्रतिक्रिया काढायची. ज्यांची आतली प्रतिक्रिया कमी अनुकूल, त्यांचं समाधान पुढच्या चार वर्षांत जास्त उतरलं. पण हा कल घोळक्यात दिसतो. त्यावरून एकीचं लग्न ठरवता किंवा मोडता येत नाही.

"चाचणी कुठे दिलीस?"

चांदणी चौकात अडकलेल्या बसमध्ये, संध्याकाळी साडेसातला, एका हाताने दांडी धरून.

"फोटो दाखव."

बायोडेटातला होता, चष्म्याशिवाय. "तो रोज चष्मा लावतो. फोटो आला तेव्हा आधी वाटलं, हा कोण?"

तिचा बराचसा उशीर तिथेच गेला होता. चेहरा ओळखल्याशिवाय आवडनिवडीचं बटण दाबताच येत नाही.

तरीही चार रात्रींची झोप निव्वळ आकड्यामुळे जात नाही. आजवरच्या दोन्ही भेटींत तिची बहीण सोबत होती. म्हणून साखरपुड्याआधी दोघांनीच भेटायचं ठरलं: तीन भेटी, प्रत्येक निदान दीड तासाची, एक तरी चालत, वेताळ टेकडीवर. समोरासमोर बसून अवघड वाटणारा विषय शेजारी चालताना सहज निघतो. घरी आल्यावर त्याच रात्री तीन ओळी लिहायच्या: घड्याळ कधी पाहिलं, काय सांगायचं राहिलं, उद्या त्याला काय सांगावंसं वाटतंय. गुण द्यायचे नाहीत.

तिन्ही रात्रींची दुसरी ओळ जवळपास सारखीच होती: 'लग्नानंतरही आईला दरमहा पैसे देणार, हे सांगायचं राहिलं.' पुढचं सत्र त्या ओळीवर झालं, आणि त्याला तोही आला होता.