कोपर तुमचं, पण बिल आधीचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या गच्चीवर लागणारी, आत-बाहेर सरकणारी कापडी छतं, म्हणजे ऑनिंग, ते बनवतात. या छताला पुढे रेटणाऱ्या घडीच्या हाताचं कोपर त्यांनी स्वतः नव्या रचनेचं बनवलं. पहिलं छत 19 नोव्हेंबर 2024 ला पन्हाळा रस्त्यावरच्या एका हॉटेलला दिलं, नंतर आणखी 34 विकली आणि 11 जुलै 2025 ला पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण विवरणाआधीचा तात्पुरता, अर्ज टाकला. आता काम सोडून गेलेला त्यांचा फिटर दुसऱ्या कारखान्यात तेच कोपर ओतून घेतोय. "वकीलसाहेब, नोटीस काढा आणि माल बंद पाडा," एवढंच त्यांचं मागणं.

हाच प्रश्न मला सारखा येतो, वस्तू तेवढी बदलते. कधी शेवयाचं यंत्र, कधी ट्रॅक्टरमागचं अवजार. फिटर वाईट वागला, मान्य. पण तुमचं प्रकरण फिटरवर ठरणार नाही. तुम्ही कागदांसोबत जोडलेल्या पहिल्या बिलावर ठरणार आहे.

आधी वस्तू नीट समजून घेऊ, कारण तुमच्या अर्जात ती नीट मांडलेलीच नाही. हाताचे दोन भाग, मध्ये कोपर, आत स्प्रिंग. छत गुंडाळलेलं असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. हात उघडत जातो तशी ती ढिली पडते. म्हणजे कापड पूर्ण बाहेर आलं, वाऱ्याने फडफडायला लागलं, ताण खरा तेव्हा हवा, आणि नेमका तेव्हाच कमी पडतो. शिवाय स्प्रिंगचा ओढा कोपरातून पलीकडे नेणारी तार दर उघडझाकीला छोट्या गोलाईवर वाकते आणि एकेक पीळ तुटत जातो. तुम्ही कोपरातली कप्पी एका बाजूला सरकवलीत, त्यामुळे स्प्रिंग ढिली होताना तिची भुजा, म्हणजे ओढ्याचं कोपराच्या खिळीपासूनचं अंतर, वाढते आणि कापडावरचा ताण टिकतो. डोकं चालवलंय, यात वाद नाही. पण अर्जात तुम्ही अख्ख्या घडीच्या हातावर हक्क सांगितलाय. स्प्रिंग, तार, साखळी, पट्टा हे सगळं युरोपातले उत्पादक कितीतरी वर्षं वापरतात. हात नवा नाही, कोपर नवं आहे. आणि कोपराबद्दलही पेटंट ऑफिसचा परीक्षक विचारणार: किल्लीच्या जुन्या घड्याळांत शंकूसारख्या चाकावर साखळी गुंडाळून स्प्रिंगचा ओढा सारखा ठेवायचे, त्याहून यात वेगळं काय? याचं उत्तर आतापासून तयार ठेवा.

आता बिल. अर्जाआधीच उघड विकलेली वस्तू पेटंटच्या कायद्याला नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही. तुम्ही लिहिता, "एजंट म्हणाला, विकल्यापासून वर्षभरात अर्ज केला की चालतं." कुठे चालतं? शोधकर्त्याने स्वतः उघड केलेल्या गोष्टीला वर्षभराची मोकळी सवलत अमेरिकेच्या कायद्यात आहे. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात 12 महिने आहेत, पण ते कलम 31 मध्ये: केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूसाठी, किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी. पन्हाळा रस्त्यावरची गच्ची यात बसत नाही. दुसरी फट कलम 32 ची. शोधाचं स्वरूपच असं असेल की चारचौघांत चालवून पाहिल्याशिवाय कळणार नाही, तर अर्जाआधीच्या एका वर्षात केवळ चाचणीसाठी केलेला वापर माफ होतो. छत वाऱ्या-पावसातच तपासावं लागतं, म्हणून पहिल्या छतापुरता मी हा मुद्दा लढवलाही असता. पण तुम्ही त्या दिवशी काय फाडलंत? टॅक्स इन्व्हॉइस. एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक) 6306, "रिट्रॅक्टेबल ऑनिंग विथ स्पेशल एल्बो, 1 नग", त्यावर जीएसटी, खाली सही-शिक्का. चाचणीची वस्तू कुणी जीएसटी लावून विकत नाही. आणि "स्पेशल एल्बो" हे शब्द तर समोरचा वकील मोठ्याने वाचून दाखवेल.

फिटरने चोरून माहिती फोडली, म्हणून कलम 29 लावता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. संमतीशिवाय झालेल्या प्रकाशनापासून ते कलम संरक्षण देतं खरं. पण त्याच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, स्पष्ट आहे: अर्जाआधी तुम्ही स्वतः किंवा तुमच्या संमतीने त्या शोधाचा भारतात व्यापारी वापर झाला असेल, तर हे संरक्षण नाही. पस्तीस बिलं म्हणजे व्यापारी वापरच. समजा पेटंट मिळालंही, तरी कलम 64 खाली ते रद्द करायला समोरच्याला ही बिलं पुरेशी आहेत.

नोटीस म्हणूनच नको. प्रोव्हिजनल अर्जावर कुणालाही अडवता येत नाही, पेटंट मंजूर होईपर्यंत दावाही लावता येत नाही. उलट निराधार धमकी दिली म्हणून कलम 106 खाली तो दुसरा कारखानाच तुमच्यावर दावा करेल. आणि तुमच्या ब्रोशरवर "पेटंटेड एल्बो" छापलंय ते आजच काढा. पेटंट नसताना पेटंट आहे असं लिहिणं कलम 120 खाली येतं, आणि जनविश्वास कायद्यानंतर त्याचा दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो. "पेटंटसाठी अर्ज केलेला" असं लिहा, तेही अर्ज जिवंत असेपर्यंत.

बाकीचे रस्ते चटकन सांगतो. डिझाइन नोंदणी यंत्राच्या कार्यतत्त्वाला मिळत नाही. कोपराच्या बाहेरच्या आकाराला मिळाली असती, पण 2000 च्या डिझाइन कायद्यातही आधी उघड झालेलं चालत नाही. ड्रॉइंगवरचा कॉपीराइट हा गुंतागुंतीचा विषय. डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी वस्तू नोंदणीशिवाय 50 हून जास्त वेळा बनवली की तो कॉपीराइट संपतो, आणि 35 छतांची तुमची 70 कोपरं झाली. तुमचं ड्रॉइंग त्या कलमात बसतं की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2025 च्या क्रायोगॅस निकालातल्या कसोट्यांवर पाहावं लागेल. मूळ ड्रॉइंग पाहिल्याशिवाय मी छातीठोक बोलणार नाही. फिटरवर गोपनीयताभंगाचा दावा होऊ शकतो, पण त्याच्याकडून एक ओळसुद्धा लिहून घेतलेली नाही, आणि विकलेलं कोपर कुणीही खोलून पाहू शकतं. शिवाय व्यापारी दावा म्हटला की तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची, मग जिल्हा न्यायालय, आणि समोरच्याने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा टाकला की प्रकरण उच्च न्यायालयात. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचतील. तारखा वाचतील असं कुणी समजू नये.

तुमच्या पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय: तारेऐवजी पट्टा आणि कप्पीला बदलती गोलाई असलेलं दुसरं कोपर तयार आहे, "अजून बाजारात आणलं नाही." सगळं पत्र या ओळीपासून सुरू व्हायला हवं होतं! त्याचा वेगळा, नवा अर्ज करा. पेटंट ऑफ ॲडिशनच्या, म्हणजे मूळ शोधातल्या सुधारणेसाठीच्या जोड-पेटंटच्या, नादी लागू नका. मूळ पेटंट मंजूर झाल्याशिवाय ते मंजूर होत नाही, आणि तुमचं मूळच लंगडं आहे. पहिल्या अर्जाचं पूर्ण विवरण 11 जुलै 2026 पर्यंत द्यावं लागेल. विकलेल्या मालात नसलेलं काही त्यात सापडलं तरच त्यावर पैसे घाला. नव्या अर्जात बाजारातलं पहिलं कोपर तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, म्हणून बदलत्या गोलाईने किती फरक पडतो ते उघडझाकीची चाचणी घेऊन आकड्यांत लिहा. लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे, म्हणजे छताच्या कापडाच्या एका तुकड्याइतकी.

अर्जाचा नंबर हाती येईपर्यंत दुसऱ्या कोपराचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकू नका, डीलरला दाखवू नका. आणि पन्हाळ्याच्या हॉटेलवाल्याने जुनं कोपर बदलून मागितलंय, त्याला तूर्त जुन्याच जातीचं द्या.