बनगरवाडी, स्मृतिचित्रे, बलुतं आणि कोसला: आधी कोणतं वाचू?

‘बनगरवाडी’पासून सुरुवात करा. चारही वाचलीत, त्यावरून सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी छोटी आहे; माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या पोरसवदा मास्तराच्या नजरेतून आपण गाव बघतो. दुष्काळ पडेपर्यंत कारभारी, आनंदा रामोशी ही मंडळी आपल्याच ओळखीची झालेली असतात. मग ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली ताटातूटसुद्धा लक्ष्मीबाई टिळक कुठलाही आव न आणता सांगतात, आणि वर हसवतात. दया पवारांचं दलित आत्मकथन ‘बलुतं’ एका बैठकीत संपवायला जाऊ नका, झेपत नाही. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ मात्र विशीत वाचायची, असं माझं मत. चाळिशीत तिच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा कंटाळा आपल्यालाच येऊ लागतो. अर्थात त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं सोडून. ती केव्हाही वाचा.